दोन पानांचा चष्मा

३ फेब्रुवारी, मंगळवार

चष्म्याचा बोर्ड आपल्याला मिळाला! आणि त्याचं गणित मी करायचं, असं ठरलं. दोन बातम्या एका दिवशी — मला एक पुरली असती.

चष्म्याचं नवं दुकान काढणाऱ्या बाई सकाळी वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. भिंतीला पाठ लावून बसलेला बोर्ड त्यांना नको. भिंतीतून बाहेर, फुटपाथवर आलेला हवा — वर लोखंडी चष्मा, खाली दुकानाचं नाव, येणाऱ्याला दिसेल आणि जाणाऱ्यालाही. पण शेजारच्या दुकानाचा असाच एक बोर्ड गेल्या वाऱ्यात उभ्या स्कूटरवर आदळला, तेव्हापासून बाईंनी धसका घेतलाय. बोर्ड पडणार नाही हे मला कागदावर दाखवा, म्हणाल्या. खाली सही हवी.

बाबांनी पस्तीस वर्षांत कोणाला काही कागदावर दाखवलेलं नाही. ते एक डोळा मिटून भिंतीकडे बघतात आणि म्हणतात, "बसेल." आणि बसतो. आता त्यांचे गुडघे शिडीला तयार नाहीत, तरी खालून एक डोळा मिटणं चालूच आहे.

बाई गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, मास्तरीणबाई, बी.एस्सी. झालात ना, काढा बाहेर. मग जरा वेळाने, दुसरीकडे बघत — हा बोर्ड नीट लागला तर यापुढे प्रत्येक बोर्डाखाली तुझी सही. मी फक्त चहा पिईन.

बारा वर्षं मी इथे आहे. फोन घेते, अक्षरं आखते, पत्रं लिहिते. कुठला बोर्ड कशावर लटकणार हे मला कोणी विचारलेलं नाही. मीही कधी विचारू दिलं नाही — हेही खरंच. न विचारलेल्या माणसाची चूक होत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलेजची वही सापडली. स्थितिशास्त्राच्या धड्यावर तेव्हा कोणाचं तरी नाव गिरवून ठेवलंय. आता आठवत नाही कोणाचं. बरंच आहे.

दुपारी पोटमाळ्यावर बसून आकृती काढली. भिंतीतून एक आडवा पाइप बाहेर येतो, भिंतीपाशी बिजागरीत अडकवलेला. पाइपखाली बोर्ड लटकतो. पाइपच्या पुढच्या भागातून एक सळई तिरकी वर जाते आणि भिंतीतल्या बोल्टला धरते. सगळा प्रश्न त्या सळईचा. ती बोल्टला किती जोराने ओढणार? तो जोर म्हणजे आपलं अज्ञात. तो कळला की बोल्ट कोणता घ्यायचा ते कळतं.

अडचण अशी की बिजागरीसुद्धा पाइपला ढकलत असते, आणि ती किती आणि कुठल्या दिशेने हेही ठाऊक नाही. समीकरणं चालू करावीत तर अज्ञातांची रांगच लागते. त्यावरची युक्ती वहीत लाल शाईने लिहिलेली होती. मोमेंट — म्हणजे जोर गुणिले बिंदूपासूनचं अंतर — कुठल्या बिंदूभोवती घ्यायचे ते आपण ठरवायचं. बिजागरीच्याच बिंदूभोवती घ्या. तिथून जाणाऱ्या जोराला हात उरत नाही. अंतर शून्य, म्हणून मोमेंट शून्य. बिजागरी गप्प. उरतं ते बोर्डाचं वजन एकीकडून आणि सळई दुसरीकडून. एका ओळीत उत्तर.

वीस वर्षांनी मला हे इतकं आवडलं की खाली जाऊन मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री म्हणजे आमचे वेल्डर. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून इथे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे झोक. ते मोमेंटला झोक म्हणतात. जड वस्तू भिंतीपासून जितकी लांब तितका तिचा झोक जास्त, हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. पण आकडा निघतो हे नवीन, म्हणाले. मग वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढता ओढता — "बाईसाहेब, घरात भांडण झालं की असंच करायचं काय? ज्याचं ऐकायचं नाही त्याच्याच डोक्यावर जाऊन उभं राहायचं?"

घरी ह्याला सांगितलं. हा म्हणाला, तू ते लग्नापासून करतेस.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मापं ठरली. बिजागरीपासून बोर्डाचा मध्य पंचाहत्तर सेंटिमीटर. सळई पाइपला धरते ती शंभरावर, भिंतीवर बोल्ट बिजागरीच्या वर पंचाहत्तर. बिजागरीपासून सळईवर लंब टाकला तर बरोबर साठ येतो. इतकी स्वच्छ आकृती बघून मला आपण शहाणे असल्यासारखं वाटायला लागलं.

वजन तेवढं राहिलं होतं. पोटमाळ्यावरून खाली फोन लावला (चौदा पायऱ्या उतरायचा आळस!). मिस्त्री ग्राइंडरच्या आवाजात ओरडले, पान चोवीस किलो भरलं.

चोवीस गुणिले पंचाहत्तर, भागिले साठ — तीस. पाइपच्या स्वतःच्या वजनाचे आणखी सहा. (पाइपचं वजन विसरले नाही याचा मला खास अभिमान वाटला, तो इथे नोंदवून ठेवते.) सळईचा ताण छत्तीस किलो. वाऱ्यासाठी, पावसापाण्यासाठी दुप्पट धरायचं — बहात्तर. बोल्टच्या खोक्यावर पंचाहत्तर लिहिलंय. बसेल!

कागद स्वच्छ अक्षरात उतरवला. सही तीनदा रद्दी कागदावर करून पाहिली. चव्वेचाळिसाव्या वर्षी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बोर्ड लागला.

एक गोष्ट लिहायला हवी, कारण ती मला सारखी आठवतेय. पाइप आणि सळई बसली की बोर्ड टांगायच्या आधी मिस्त्री स्वतः त्या पाइपाला लोंबकळतात. दोन्ही हातांनी धरून, पाय सोडून, पन्नास अंक मोजतात. इतकी वर्षं हेच. आज ते शिडीवरून हात लांब करत होते आणि फुटपाथवर माणसं गोळा झाली होती, चष्म्याच्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातात माझा कागद होता. मला लाज वाटली. मी खालून म्हटलं, मिस्त्री, राहू द्या. कागद आहे ना.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हात मागे घेतला. "तू म्हणतेस तर नाही लोंबकळत, ताई," म्हणाले, आणि शिडी उतरले.

मला वाटलं, चला, एक जुनी सवय सुटली.

बोर्डाखाली किल्लीवाले काका बसतात — लाकडी पेटी, कानस, दोरीला ओवलेल्या शेकडो किल्ल्या. बोर्ड लागल्यावर त्यांनी पेटी दोन फूट सरकवून बरोबर त्याच्या सावलीत घेतली. इतकी वर्षं उन्हात बसलो, आता चष्मा मीच घातल्यासारखं झालं, म्हणाले.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज त्या रस्त्याने चार वेळा गेले. काम एकदाच होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगाऱ्याची चिठ्ठी बाबांच्या टेबलावर होती. मला फाइलला लावायची होती, एवढंच. त्यावर लिहिलंय — "चष्मा, पानं २, काळा रंग."

पानं दोन.

मी ती चिठ्ठी फाइलला लावली आणि खाली गेले नाही.

आमचे बहुतेक बोर्ड भिंतीला चिकटून असतात. त्यांना एकच तोंड. तिथे पान म्हणजेच बोर्ड — पान कापलं, पान रंगवलं, पान लावलं. मी बारा वर्षं हेच ऐकतेय. पण बाहेर आलेल्या बोर्डाला दोन तोंडं असतात, आणि लोखंडाचा एकेक पत्रा म्हणजे एकेक पान असेल तर?

तर मिस्त्रींनी मला एका पानाचं वजन सांगितलं. मी बोर्डाचं विचारलं होतं का? काय विचारलं होतं मी? "वजन किती भरलं?" — एवढंच बहुधा. बोर्ड हा शब्द उच्चारला की नाही, आठवत नाही. उच्चारला असं आठवायचा प्रयत्न करतेय, म्हणजे नसणारच.

कदाचित मिस्त्रींनी दोन्ही मिळून चोवीस सांगितलं असेल. असेलही. पत्रा जाड आहे, पण एकच पान चोवीस भरेल इतका नाही... आहे. इतका आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून वारा. वर्कशॉपच्या छपराचा पत्रा वाजतोय.

मिस्त्रींना विचारलं नाही. त्यांचं तोंड बघून तीनदा परत फिरले. एकदा म्हणाले, ताई, काही हवंय? म्हटलं, टेप. टेप माझ्या हातातच होती.

पोटमाळ्यावर पुन्हा केलं. अठ्ठेचाळीसवर. साठ आणि सहा, सहासष्ट. दुप्पट धरलं तर एकशे बत्तीस. बोल्टवर पंचाहत्तर. म्हणजे बोर्ड पडणार नाही — बहुधा. सहासष्ट पंचाहत्तरच्या आतच आहे. पण वाऱ्यासाठी म्हणून जे राखून ठेवलं होतं ते सगळं बोर्डानेच खाल्लंय, आणि आज वारा आहे. हा "बहुधा" मी सही केलेल्या कागदावर कुठेच नव्हता.

मग मिस्त्री लोंबकळले असते तर, तेही काढलं. मिस्त्री बासष्ट किलो. सळईच्या जागी धरून लोंबकळले असते तर ताण एकशे नऊ. बोल्ट तिथेच हलला असता, निदान भोवतालचं प्लास्टर तरी सुटलं असतं. चूक खाली कोणी बसायच्या आधी, शिडीवर असतानाच सापडली असती. मी त्यांना उतरवलं. पन्नास अंक मोजायचा वेळ नव्हता मला!

आता खरं लिहिते, कारण हे पान कोणी बघणार नाही. काल दुपारपासून मी एकच करतेय. मोमेंटचा बिंदू बदलत बसलेय. मिस्त्रींनी नीट सांगायला हवं होतं — इथून पाहिलं की माझी चूक शून्य. ग्राइंडर चालू होता — इथूनही शून्य. बाबांनी तरी कागद बघायचा. बाईंना तरी बाहेर आलेला बोर्ड कशाला हवा होता. सगळे बिंदू असे की माझ्या जोराला हातच उरत नाही. वहीतली युक्ती मी पक्की शिकलेय, यात शंका नाही.

हा म्हणाला, जेवत का नाहीस. सांगितलं सगळं. मला वाटलं चेष्टा करेल. केली नाही. तेच जास्त वाईट. फक्त विचारलं, काका उद्या रविवारी बसतात का?

बसतात.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सात वाजता मिस्त्रींच्या घरी गेले. बनियनवर होते, दारातल्या कुंड्यांना पाणी घालत. आत ये म्हणाले. मी दारातच विचारलं — चोवीस म्हणजे एक पान की दोन्ही?

"एक. पान म्हणजे एकच की गं." मग झारी खाली ठेवली. "तू दोन्ही मिळून धरलंस?"

हो म्हटलं.

मला वाटलं होतं हसतील. किंवा ओरडतील. किंवा म्हणतील, म्हणून मी आधीच जाड बोल्ट मारला होता, काळजी करू नकोस — हे मी रस्ताभर मनात घोकत गेले होते, कबूल करते. तसं काहीच नव्हतं. त्यांनी माझ्या कागदावरचाच बोल्ट मारला होता. शब्दन्‌ शब्द पाळला होता. शर्ट घालता घालता एवढंच म्हणाले, "मला वाटलं, कागदाला सगळं ठाऊक असतं."

शिडी घेऊन गेलो. किल्लीवाले काका पेटी मांडतच होते. मी त्यांना म्हटलं, काका, आज पलीकडे बसा, माझी चूक झालीय, बोर्ड उतरवायचाय. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. पाच दिवस मी याच्याखाली होतो का? हो म्हटलं. मग त्यांनी एकेक किल्ली मोजावी तशी सावकाश पेटी आवरली. मला वाटलं आता बोलतील. रस्ता ओलांडताना म्हणाले, लावाल तेव्हा जागा त्याच सावलीत हवी बरं का, दुसऱ्या कोणाला देऊ नका.

बोर्ड उतरवायला दोन तास लागले. अठ्ठेचाळीस किलो काय असतात ते माझ्या खांद्याला आता पाठ झालंय. बोल्टभोवती प्लास्टरला केसाएवढी एक रेघ गेली होती. ती आधीची होती की आत्ताची, मिस्त्रींना विचारलं. म्हणाले, रेघेला वय नसतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चष्म्याच्या दुकानाचं उद्घाटन. वर नुसता पाइप. बाईंना काल फोनवर सांगितलं होतं, आज तोंडावर सांगितलं: कागद चुकला, चूक माझी, वेल्डरची नाही. त्यांनी माझा सही केलेला कागद घडी घालून परत दिला. पाहुण्यांपैकी कोणीतरी वर बघून विचारत होतं, इथे काय लागणार आहे? बाई म्हणाल्या, चष्मा. सध्या बोर्डवालीला गेलाय.

सगळे हसले. मीही हसले. हसायलाच हवं होतं, विनोद चांगला होता.

बाबांना कालच सांगितलं होतं. सगळं, बिंदूबिंदूसकट. ते ऐकत राहिले. एक डोळा मिटला नाही की काही नाही. शेवटी म्हणाले, बरं. आज दिवसभर तेवढंही नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नवा कागद. या वेळी खाली जाऊन, काट्यासमोर उभं राहून, दोन्ही पानं जोडलेली, खिळ्यामोळ्यासकट वजन केलं. अठ्ठेचाळीस आणि वर पाऊण. आता भिंतीच्या आरपार बोल्ट, आतल्या बाजूने लोखंडी पट्टी. अडीचशे सहज पेलेल.

लावायच्या आधी मी मिस्त्रींना म्हटलं, लोंबकळा. ते म्हणाले, कागद आहे ना? म्हटलं, आहे, तरी लोंबकळा. मग कळलं की चेष्टा करतायत. पाय सोडून लोंबकळले, पन्नास मोजले, आणि तिथूनच, वरून, "ताई, तूही ये." गेले. साठ किलोची बाई भर बाजारात पाइपाला लोंबकळताना चष्म्याच्या बाईंनी बघितली. दोन गिऱ्हाईकांनीही. मी पन्नासऐवजी बावीस मोजले. हात सुटायला लागले होते, पाइप नाही.

बाबांनी नवा कागद बघितला. सही कोणी करायची ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही. जागा रिकामी ठेवून कागद टेबलावर ठेवलाय. बाई मागतील तेव्हा बघू. नाही, खोटं लिहितेय — आज दिवसातून तीनदा टेबलाशी जाऊन बघितलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सहीची जागा अजून रिकामी. किल्लीवाले काका सावलीत परतले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बाबांनी दुपारी वही घेऊन बसायला सांगितलं. पस्तीस वर्षांत भिंतीबाहेर काढलेले सगळे दोनपानी बोर्ड त्यांनी एकेक करून आठवले — दवाखाना, शिंपी, सायकलवाला, पुस्तकांचं दुकान. मी लिहीत गेले. प्रत्येकाला मिस्त्री मागून म्हणत होते, लोंबकळलो होतो. सतरा झाले. यांचं सगळ्यांचं तुझ्या पद्धतीने काढ, बाबा म्हणाले. मी वही मिटायला लागले.

"थांब. अठरावा राहिला. आपल्याच दारावरचा."

या वेळी मागून "लोंबकळलो होतो" आलं नाही.

"घरचाच म्हणून कोणी लोंबकळलं नाही," बाबा म्हणाले.

तिघांनीही आपण कुठे बसलोय ते बघितलं — दारात, त्याच्याच खाली. मग बाबांनीच सांगितलं, चिठ्ठी लिही — हिशेब होईपर्यंत सगळ्यांनी मागच्या दाराने यायचं. लिहिली. खाली कोणाची सही, विचारलं. "झोक कोण काढणार आहे?" म्हणाले.

सही एकदाच केली. चिठ्ठी दाराला लावली. मागच्या दाराने पहिले बाहेर पडले ते बाबा, भिंत धरून.